काकांचा डोळा आणि खोली नंबर २०३

३० ऑगस्ट २०२५, शनिवार. दुपारी तीनच्या सुमारास परभणीहून मावशीचा फोन आला. काकांच्या उजव्या डोळ्यासमोर दोन दिवस काळे ठिपके नाचत होते, मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि त्या सकाळी खालच्या बाजूने काळा पडदा वर चढल्यासारखा दिसायला लागला. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला दृष्टीचा थर, सुटायला लागलाय, मधला महत्त्वाचा भाग अजून जागेवर आहे, उशीर न करता पुण्याला जा.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे महालक्ष्म्या बसायच्या होत्या. मराठवाड्यातल्या घरात महालक्ष्म्या सोडून बाई बाहेर पडते म्हणजे काय, ते ज्याला कळतं त्याला कळतं. मावशीने मुखवटे, साड्या, फराळाचे डबे सगळं मोठ्या जाऊबाईंच्या हवाली केलं आणि मला विचारलं, "कुठं उतरावं गं माय?"

वेळापत्रक असं ठरलं: रविवारी रात्रीची ट्रॅव्हल्स, सोमवारी १ तारखेला पहाटे पुणे, त्याच दिवशी तपासण्या, मंगळवारी ऑपरेशन, बुधवारी पट्टी काढणं, शुक्रवारी एकदा दाखवणं आणि ९ तारखेला आठवड्याची तपासणी. दहाला सकाळी परत. म्हणजे नऊ रात्री. आणि त्या नऊ रात्रींच्या मध्यावर ६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. पुण्यात नऊ रात्रींसाठी खोली शोधायला यापेक्षा वाईट आठवडा नसतो.

पुण्यात राहत असल्यामुळे "तिकडे कुठं उतरू?" हा प्रश्न मला वर्षातून सात-आठ वेळा येतो. ॲडमिशनवाले, परीक्षावाले, लग्नवाले, कोर्टाच्या तारखेवाले. एरवी मी दोन नावं सांगून मोकळी होते. या वेळी नीट बसून विचार करावा लागला, आणि त्यात मी दोनदा चुकलेही.

घर असताना हॉटेल?

हा प्रश्न काकांनी विचारला नाही, माझ्या आईने विचारला, तोही तीन वेळा. पुण्यात सख्खी भाची असताना बहीण लॉजवर उतरली ही गोष्ट गावात कशी सांगायची, ही तिची खरी अडचण. माझं घर धायरीत, चौथ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. संडास एकच. हॉस्पिटल एरंडवण्यात, नळस्टॉपजवळ. धायरीहून तिथे जायचं तर सिंहगड रस्ता आडवा येतो, आणि सकाळी नऊ ते अकरा सिंहगड रस्त्यावर कोणाचंही काही चालत नाही. मावशीचे गुडघे आधीच बोलतात. चार मजले दिवसातून दोनदा म्हणजे ऑपरेशन एकाचं आणि दुखणं दोघांचं.

दुसरं घर मावसभावाचं. तो हिंजवडीत नोकरीला आहे, वाकडला तीन मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. त्या फ्लॅटचं मी वर्णन करत नाही. मावशी एकदा बघून आली होती, त्यामुळे तिनेच तो पर्याय कापला.

तरी आईचं समाधान होईना. शेवटी मी तिला सांगितलं की जेवणाचे डबे मी पोचवीन आणि गावात सांगताना "डॉक्टरांनी दवाखान्याजवळच राहायला सांगितलंय" असं सांग. ते खोटंही नव्हतं. यावर ती गप्प झाली.

काकांना दिसणार काय होतं

हॉटेलं बघायला लागण्याआधी मी हॉस्पिटलच्या काउंटरवर फोन करून विचारलं की ऑपरेशननंतर पेशंटला कसं राहावं लागतं. हा फोन केला नसता तर पुढचं सगळं चुकलं असतं.

या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग काढतात, रेटिना जागेवर बसवतात आणि तो चिकटेपर्यंत दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर जातो. रेटिना डोळ्याच्या मागच्या बाजूला. म्हणजे बुडबुड्याने तिथे दाबायचं असेल तर माणसाने तोंड खाली करून राहायचं. झोपताना पालथं, बसल्यावर टेबलावर कपाळ टेकून, चालताना मान खाली. काकांना जागेपणी तासातली पन्नास मिनिटं तसं राहायला सांगितलं होतं. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धूळ नको, धक्के नकोत. वायू विरेपर्यंत विमान बंद आणि उंच घाटमाथ्यावर जाणंही बंद, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो.

मी फोन ठेवला तेव्हा मोबाइलवर मावसभावाची लिंक येऊन पडली होती. "ताई, हे बघ, सिटी व्ह्यू रूम, फक्त चारशे रुपये जास्त."

ज्या माणसाला आठ दिवस फरशीशिवाय काही दिसणार नाही, त्याच्यासाठी सिटी व्ह्यू. मी त्याला हसले, पण मीही तोवर फोटोच बघत होते. हॉटेलच्या फोटोंत पलंगावरची चादर दिसते, पडदे दिसतात, टॉवेलचा हंस केलेला दिसतो. बाथरूमच्या दारातला उंबरा दिसत नाही. तेव्हा मी कागद घेतला आणि काकांचा ऑपरेशननंतरचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढला: किती वेळा उठणार, किती पावलं चालणार, कुठे बसणार, काय खाणार, किती वेळा औषधाचे थेंब घालायचे, ते कोण घालणार. हॉटेल मग त्या कागदावरून शोधलं.

नकाशावरचे तीन किलोमीटर

मावसभावाने मला न विचारता एक काम करून ठेवलं होतं. सदाशिव पेठेतल्या एका लॉजची पहिली रात्र ॲपवरून बुक केली होती, परत न मिळणाऱ्या दरात. चौदाशे रुपये भाडं, हॉस्पिटलपासून तीनेक किलोमीटर, वर "शहराच्या मध्यवर्ती भागात" असं लिहिलेलं. मावशीला ते आवडलंही होतं, कारण दगडूशेठ चालत जाण्याच्या अंतरावर.

गणेशोत्सवाच्या दिवसांत पेठेत राहणं ही मौज आहे, पण ती धडधाकट माणसाची. संध्याकाळी पाचनंतर देखावे बघणाऱ्यांची गर्दी सुरू होते, रस्ते वाहनांना बंद होतात, ढोल-ताशा आणि स्पीकर रात्रीपर्यंत. उत्सवातल्या काही दिवशी तर बारापर्यंत परवानगीच असते. विसर्जनाच्या दिवशी सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते: आधी मानाचे पाच, म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, आणि मग बाकीची मंडळं. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्ता, चारही वाटा शेवटी अलका चौकात येतात. ही मिरवणूक चोवीस तासांत संपत नाही. त्या काळात पेठेतल्या लॉजमधून मान खाली घातलेला पेशंट बाहेर काढायचा असेल तर रिक्षा आत येणार नाही आणि ॲम्ब्युलन्सला वाट करून द्यायला माणसं हातात हात घालून उभी करावी लागतील. पुणेकर वाट देतात, ते मान्य. पण त्यावर नऊ रात्रींचा बेत आखायचा नसतो.

पुण्यात किलोमीटर मोजून उपयोग नाही, वाटेत काय आहे ते बघावं लागतं. नदी, पूल, सिग्नल, पेठ, रेल्वेलाइन. पेठेपासून एरंडवणं तीन किलोमीटर, पण मधे अलका चौक, लकडी पूल आणि डेक्कन. हा लकडी पूल विसर्जन मिरवणुकीला इतका चिकटलेला आहे की मेट्रो त्याच्यावरून आडवी जाणार म्हटल्यावर २०२१ साली मंडळांनी उंच देखाव्यांच्या रथांसाठी जागा उरत नाही म्हणून वाद घातला होता. म्हणून मी डेक्कनची, आपटे रस्त्याची आणि जंगली महाराज रस्त्याची हॉटेलंही सोडली. हॉटेलं चांगली आहेत, एरवी तीच सांगते. पण गणपती लकडी पूल ओलांडून इकडे येतात आणि मग डेक्कनचा कोपराही बंद होतो.

स्टेशनजवळचा पर्याय मात्र मी सहज सोडला नाही. तिथली लॉज तेव्हा अकराशेपासून, आणि बहुतेकांचं चेक-आउट चोवीस तासांचं. पहाटे सहाला पोचणाऱ्या माणसाला हे मोठं सोयीचं, कारण सहाला आत गेलात की दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. बारा ते बारा चालणाऱ्या हॉटेलात पहाटे पोचलात तर सहा तास लॉबीतल्या सोफ्यावर, नाहीतर जादा भाडं. शिवाय पुणे स्टेशन ते नळस्टॉप मेट्रोने थेट, गाडी बदलायची नाही: मंगळवार पेठ, सिव्हिल कोर्ट, महापालिका, संभाजी उद्यान, डेक्कन, गरवारे कॉलेज, मग नळस्टॉप. स्टेशनांना लिफ्ट आहेत. एखादी गुडघ्याची किंवा साध्या तपासणीची केस असती तर मी डोळे झाकून स्टेशन सांगितलं असतं. पण मान खाली घालून, कोणाचा धक्का लागू न देता, उत्सवाच्या गर्दीत मेट्रोने रोज? काकांचं वय सहासष्ट. नको.

उरलं एरंडवणंच. प्रभात रस्ता, लॉ कॉलेज रस्ता आणि कर्वे रस्ता यांच्या मधल्या गल्ल्या. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुरातून इथे आली तेव्हा हा भाग गावाबाहेर होता, आता तिच्या नावाच्या रस्त्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि प्रत्येक गल्लीत एक तरी डॉक्टर. या भागात लॉज जवळजवळ नाहीतच, मोजकी छोटी हॉटेलं आहेत आणि ती पेठेच्या दीडपट-दुप्पट दराची. मी चार ठिकाणी फोन केले.

"मॅडम, सगळं आहे, तुम्ही या तर खरं"

फोनवर मी विचारलेले प्रश्न ऐकून एक रिसेप्शनवाला मुलगा म्हणाला, "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटच्या?" प्रश्न साधेच होते. बाथरूमच्या दारात उंबरा आहे का, आणि असला तर किती इंची? गरम पाणी दिवसभर की सकाळी सहा ते नऊ? पलंग दोन वेगळे की एकच मोठा? लाइट गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का? हॉटेलला लग्नाचा किंवा बारशाचा हॉल आहे का, आणि असला तर कुठल्या मजल्यावर? जवळचं मंडळ किती अंतरावर? खोलीत टेबल आहे का, त्याची उंची किती?

दोन ठिकाणी उत्तर मिळालं, "मॅडम, सगळं आहे, तुम्ही या तर खरं." हे उत्तर देणाऱ्याने खोली बघितलेली नसते. तिसऱ्या ठिकाणी नऊ सलग रात्री मिळत नव्हत्या, मधे दोन दिवस खोली बदलावी लागली असती. चौथ्या ठिकाणचा मॅनेजर मिनिटभर थांबा म्हणाला, खरंच जाऊन बघून आला आणि म्हणाला, "तीनशे एकमध्ये उंबरा आहे, चार-पाच इंची असेल. मागच्या खोल्यांत नाही." मला तेवढ्यावरच ते हॉटेल पसंत पडलं होतं, पण रविवारी सकाळी मी मोजायची टेप घेऊन गेले.

तीन खोल्या दाखवल्या.

३०१, म्हणजे डिलक्स. रस्त्याकडे मोठी खिडकी, समोर गुलमोहर, खोली फोटोतल्यासारखी. बाथरूमला तो उंबरा, टेपने पाच इंच. आत आंघोळीला काचेची केबिन आणि तिचं सरकतं दार, जे अर्ध्यावर अडकतं. फरशी गुळगुळीत, चकचकीत. पलंग एकच, भिंतीला चिकटून, म्हणजे आतल्या माणसाला उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून. दर तीन हजार.

१०४, पहिला मजला, लिफ्टच्या दारासमोर. कागदावर हीच सगळ्यांत सोयीची, लिफ्ट बंद पडली तरी एकच जिना. मी आत जाऊन खिडकी लावली आणि पाच मिनिटं नुसती बसले. लिफ्ट दर दोन मिनिटांनी "कृपया दरवाजा बंद करा" म्हणत होती. खाली पार्किंगमध्ये जनरेटर. आणि भिंतीपलीकडे हॉल, तिथे त्या आठवड्यात दोन कार्यक्रम लागलेले.

२०३, दुसरा मजला, मागच्या बाजूला. खिडकी उघडली की तीन फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत आणि तिच्यावर एक कबुतर. दिवसाही दिवा लावावा लागेल इतकी अंधारी. पलंग दोन, मधे फूटभर जागा, दोन्हीकडून उठता येईल असे. बाथरूम खोलीच्याच पातळीत, फरशी खरबरीत, कमोडच्या बाजूला भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा. मी त्याला लोंबकळून पाहिलं. टेबल एकोणतीस इंच, खुर्ची बिनहाताची, म्हणजे पोट टेबलाला लावून कपाळ टेकवता येईल. एसीच्या जाळीवरून बोट फिरवलं तर काळं झालं, तेव्हा मॅनेजरने माझ्यासमोर जाळी धुवायला पाठवली. दर सव्वीसशे.

काकांसाठी अंधार हा दोष नव्हताच. मी २०३ घेतली आणि लगेच भावाला लागले. नऊ रात्री, सगळे पैसे थेट हॉटेलला, ॲपमधून नाही. ॲपवरच्या बुकिंगमधून हॉटेल ॲपला कमिशन देतं, त्यामुळे फोनवर किंवा समोर जाऊन घासाघीस करायला जागा असते. तेवीसशेवर तुटलं, दोघांचा नाश्ता धरून. ऑपरेशनची तारीख सरकली तर एक दिवस आधी सांगून रात्र कमी करता येईल, हेही पावतीच्या मागे लिहून घेतलं. तिथे मॅनेजरने जरा तोंड वाकडं केलं.

मग माझी पहिली चूक उघडी पडली. पहिले दोन दिवस रात्री मी मावशीच्या सोबत राहणार होते. मॅनेजरने माझं आधार कार्ड बघितलं आणि परत दिलं. "लोकल आयडी चालत नाही." पुण्याचा पत्ता असलेल्या माणसाला खोलीत मुक्कामी ठेवायचं नाही, हा पुण्यातल्या पुष्कळ हॉटेलांचा स्वतःचा नियम आहे, कायद्यात असं काही नाही. तरुण जोडप्यांवरून होणारी कटकट नको, हे त्यामागचं कारण, आणि त्याचा फटका बसतो तो माझ्यासारख्या चव्वेचाळीस वर्षांच्या भाचीला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मावसभावाच्या आधारवर अजून परभणीचा पत्ता होता, म्हणून रात्रीची पाळी त्याच्याकडे गेली. पेशंटबरोबर स्थानिक नातेवाईक राहणार असेल तर हे मी पैसे भरण्याआधी विचारायला हवं होतं.

दुसरी चूक पहाटेची. बस संगमवाडीला पावणेसहाला लागते हे मला माहीत होतं, तरी खोलीचं बोलताना ते माझ्या डोक्यातून गेलं. हॉटेलचं चेक-इन बाराला. काउंटरवर घासाघीस करून अर्ध्या दिवसाचं भाडं जादा भरलं. भाव ठरवतानाच बोलले असते तर कदाचित फुकट सुटलं असतं.

नऊ रात्री

मंगळवारी ऑपरेशन झालं, संध्याकाळी काका खोलीत. टेबलावर दोन उशा, त्यांच्या मधे नाकाला जागा, कपाळ टेकलेलं. मावशी दर दोन तासांनी थेंब घालायची आणि मोबाइलवर गजर लावायची. त्या दिवशी गावाकडे महालक्ष्म्या उठल्या. जाऊबाईंनी व्हिडिओ कॉल लावला, मावशीने मोबाइल जमिनीवर ठेवला आणि काकांनी वरून, मान न उचलता, दर्शन घेतलं. खोलीत रेंज धड नव्हती, मुखवटे मधेच थिजायचे. ही गोष्ट मी रविवारी तपासली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर जीएसटी कौन्सिलची बातमी. काका ऐकत होते. हॉटेलच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर बारा टक्क्यांवरून पाच. त्यांनी टेबलावरूनच मला फोन लावायला सांगितला, "त्या मॅनेजरला विचार, आपल्याला पाच लावायलाय का बारा?" नवा दर २२ सप्टेंबरपासून होता. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला: खोलीच्या नऊ रात्रींवर चौदाशे एकोणपन्नास रुपये. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, पालथा असला तरी चुकत नाही.

गुरुवारी रात्री अकराला डोळा ठणकायला लागला. हॉस्पिटलच्या रात्रीच्या नंबरवर विचारलं, त्यांनी बोलावलं. अंतर सहाशे मीटर. इथे जवळच्या हॉटेलची एक गंमत कळली: सहाशे मीटरला रिक्षा येत नाही. मीटरचे तेव्हा किमान पंचवीस रुपये आणि त्यासाठी कोणी मागे वळत नाही. चालत जावं तर फुटपाथवर गाड्या लावलेल्या, फरशा उचकटलेल्या, आणि माणूस मान खाली घालून. म्हणजे रिक्षाला फार जवळ आणि पेशंटला फार लांब. शेवटी हॉटेलच्या वॉचमनने कोपऱ्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला हाक मारली, मावसभावाने पन्नास दिले. डोळ्यातला दाब थोडा वाढला होता. थेंब आणि गोळी दिली, तासाभरात परत. दुसऱ्या दिवसापासून त्याच रिक्षावाल्याचा नंबर मावशीच्या मोबाइलमध्ये होता. तो पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता.

विसर्जनाच्या शनिवारी काहीच झालं नाही. कर्वे रस्त्याकडून दिवसभर लांबून ढोल ऐकू येत होते, २०३ मध्ये त्याचा नुसता ठोका पोचायचा. अडचण झाली ती जेवणाची. ज्या पोळी-भाजी केंद्रातून ज्वारीच्या भाकऱ्या आणि मुगाची भाजी यायची ते बंद, मी धायरीहून डबा घेऊन निघाले ती म्हात्रे पुलाच्या अलीकडून परत फिरले. हॉटेलच्या स्वयंपाक्याने खिचडी करून दिली. मावसभाऊ वाकडहून येऊ शकला नाही, ती एक रात्र मावशी एकटी होती. रविवारी रात्री चंद्रग्रहण होतं, मावशीने वेध पाळले आणि काकांना मात्र "पेशंटाला वेध नसतात" म्हणून वेळेवर जेवू घातलं.

२०३ चा खरा त्रास मात्र मला आदल्या रविवारी खोली बघायला गेले तेव्हा कळणारच नव्हता, कारण मी सकाळी दहाला गेले होते. रोज साडेअकराला आणि संध्याकाळी सातला खालच्या किचनमधून लसणाच्या फोडणीचा वास त्या तीन फुटांच्या फटीतून सरळ वर यायचा. खिडकी लावली तरी बाथरूमच्या झरोक्यातून. पहिल्या दोन दिवसांत काकांना त्याने मळमळायचं. मावशीने झरोक्याला हॉटेलचा टॉवेल कोंबला. खोली बघायची तर स्वयंपाकाच्या वेळेला बघावी.

सोमवारी ८ तारखेला, गर्दी ओसरल्यावर, मी मावशीला दगडूशेठला नेलं. नळस्टॉपहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडई. सिव्हिल कोर्टचं खालचं स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. मावशी सरकत्या जिन्यावर माझा दंड धरून म्हणाली, "पाताळात काहून न्यायलीस गं?" देवळात गेल्यावर दहा मिनिटं काही बोलली नाही. पेठेत उतरली असती तर हेच दर्शन तिला नऊ दिवस रोज घडलं असतं, हेही खरं.

हिशेब

तेवीसशेवर बारा टक्के म्हणजे २,५७६, नऊ रात्रींचे २३,१८४. पहाटेच्या अर्ध्या दिवसाचे करासकट १,२८८. पेठेतल्या लॉजची बुडालेली पहिली रात्र १,५६८. एकूण २६,०४०. पेठेतच नऊ रात्री राहिलो असतो तर १४,११२ झाले असते. म्हणजे जवळपास बारा हजार जास्त. रिक्षात ते वसूल झाले असं मी म्हणणार नाही. हॉस्पिटलला एकूण सहा खेपा झाल्या, पेठेतून त्या केल्या असत्या तरी हजार-बाराशेच्या वर गेल्या नसत्या. बारा हजार गेले ते सपाट बाथरूमसाठी, दोन पलंगांसाठी आणि गुरुवारी रात्री अकराला तासाभरात परत येण्यासाठी. आई अजूनही म्हणते, माझ्याकडे राहिले असते तर शून्य लागले असते. काका खर्च सोयाबीनमध्ये मोजतात. तेव्हाच्या भावाने सहा क्विंटल.

हीच मंडळी फेब्रुवारीत साध्या तपासणीला आली तर मी त्यांना स्टेशनजवळ उतरवीन, चोवीस तासांच्या चेक-आउटवाल्या लॉजमध्ये, आणि मेट्रोचं कार्ड काढून देईन.

९ तारखेला डॉक्टरांनी रेटिना जागेवर आहे म्हणून सांगितलं. मान दिवसातून थोडा वेळ वर करायला परवानगी मिळाली, झोपणं मात्र अजून पालथंच. परतीचा रस्ता कुठून कसा जातो तेही विचारून घेतलं, त्यांनी हरकत नाही म्हटलं. १० तारखेला सकाळी मी पोचले तेव्हा काका काउंटरजवळ उभे होते, आठ दिवसांत पहिल्यांदा समोर बघत, आणि मॅनेजरला सांगत होते की २०३ मध्ये फरशा आडव्या अकरा आणि उभ्या चौदा आहेत, बाथरूमच्या दारापासून दुसरी हालते, सिमेंट भरून घ्या, नाहीतर कोणी अडखळेल. मॅनेजर वहीत लिहून घेत होता. मग काकांनी मागे वळून खोलीच्या दिशेने पाहिलं आणि मावशीला विचारलं, "भिंतींना रंग कोणता होता गं?"

मावशीलाही सांगता आलं नाही.